भिंत सगळ्यांची, मग चित्रकाराचं काय?

वर कुणीतरी लिहिलंय की वस्तीतल्या लोकांना विचारून विचारून म्युरल (भिंतीवरचं मोठं चित्र) काढलं की चित्रकाराची स्वतःची ओळखच उरत नाही. नाही पटलं बुवा. अमेरिकन चित्रकार ज्यूडी बाकांचं लॉस एंजेलिसमधलं ‘ग्रेट वॉल’ हे म्युरल बघा ना, १९७६ ला काम सुरू झालं, पुराचं पाणी नेणाऱ्या कालव्याच्या काँक्रीट भिंतीवर, लांबी जवळजवळ ८४० मीटर आणि रंगवायला ४०० च्या वर पोरंपोरी, त्यातली काही तर पोलिसांच्या लफड्यात अडकलेली, तरी बघितल्या बघितल्या कळतं की यामागे एकच नजर आहे. गोष्टी लोकांच्या, पण कुठला प्रसंग मोठा करायचा आणि एकातून दुसऱ्यात डोळा कसा सरकवायचा ही खरी चित्रकाराची कामगिरी, आणि ती मतदान घेऊन होत नाही.

प्रेरणेचं म्हणाल तर बाका मेक्सिकोत जाऊन तिथल्या सिकेरोस या म्युरल चित्रकाराच्या कार्यशाळेत म्युरलचं तंत्र शिकल्या. त्याच सिकेरोसचं लॉस एंजेलिसमधलं १९३२ चं चित्र फारच राजकीय वाटलं म्हणून पांढरा रंग फासून झाकून टाकलं होतं, ते लोकांना परत बघायला मिळालं थेट २०१२ मध्ये! कृष्णवर्णीय कलाकारांनी एका इमारतीवर रंगवलेली शिकागोची १९६७ ची वॉल ऑफ रिस्पेक्ट तर इमारतीबरोबरच गेली. म्हणजे आपलं काम टिकेलच याची खात्री नसताना परांचीवर चढायचं, हा स्वभाव कॅनव्हासवाल्यांपेक्षा वेगळाच (स्टुडिओवाल्यांनी रागवू नये).

चित्राखालच्या सहीबाबत मात्र वर लिहिणाऱ्याशी सहमत, रंगवणाऱ्या सगळ्यांची नावं खाली यायलाच हवीत, स्पॉन्सरच्या लोगोपेक्षा मोठ्या अक्षरात.