जुळे सोलापुरात फ्लॅटमध्ये कुत्रं आणि पोपट : परवाना कशाला लागतो, सोसायटी अडवू शकते का?

जुळेसोलापूरकर
नमस्कार मंडळी. भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. अडीच महिन्यांचं लॅब्रॅडोरचं पिल्लू आणलंय. खालच्या फळ्यावर लगेच नोटीस लागली : "सोसायटीत कुत्री पाळण्यास सक्त मनाई. लिफ्टमध्ये नेल्यास ५०० रुपये दंड." घरात पिंजऱ्यात पोपट पण आहे, त्याला कुणाची हरकत नाही, उलट येताजाता सगळे मिरची देतात. मागच्या गल्लीत म्हशींचा गोठा आहे, शेण थेट गटारीत.
ही नोटीस कायद्यात बसते का? पिल्लाचा परवाना काढायला काय लागतं? विकणाऱ्याने दिलेल्या कार्डावर दीड महिन्याचं असताना रेबीजची लस दिल्याची नोंद आहे, ती चालेल का?

सातरस्ता_वकिली
सरसकट बंदी टिकत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं फेब्रुवारी २०१५ चं परिपत्रक आहे. बहुमताने ठराव केला तरी पाळीव प्राण्यांना बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरली म्हणून भेदभाव करता येत नाही, असं त्यात म्हटलंय. पण ते परिपत्रक आहे, कायदा नव्हे. फळ्यावर चिकटवून आलात म्हणजे जिंकलात असं होत नाही.
आधी तुमची इमारत सहकारी सोसायटी म्हणून नोंदलेली आहे की अपार्टमेंट म्हणून, ते बघा. सोसायटी असेल तर वाद सहकार न्यायालयात जातो (१९६० च्या सहकारी संस्था कायद्याचं कलम ९१). अपार्टमेंटला १९७० चा वेगळा कायदा आहे, तिथे ही वाट नाही. नोटिशीचा फोटो काढा आणि सेक्रेटरींना लेखी विचारा : कोणत्या सभेत, कोणत्या उपविधीखाली ठराव झाला? बऱ्याच नोटिसा या एका प्रश्नावरच उतरतात.
तुमचा खरा अडसर दुसराच आहे. तुम्ही भाडेकरू. करारनाम्यात "पाळीव प्राणी ठेवणार नाही" असं कलम असेल तर ते तुमच्यावर बंधनकारक आहे, तिथे परिपत्रक कामाला येत नाही. घरमालकाकडून आजच लेखी संमती घ्या, व्हॉट्सअॅपवरची असली तरी जपून ठेवा.
आणि घाण उचलणं, जिन्यात पट्टा लावणं यावर वाद घालू नका. तिथे सोसायटीचं म्हणणं रास्त आहे.

पशुवैद्यक_अक्कलकोटरोड
कार्डावरची ती नोंद धरू नका. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती तेव्हा पिल्लात असते, ती लसीलाच निकामी करते. रेबीजची पहिली लस तीन महिने पूर्ण झाल्यावर, मग बूस्टर, पुढे दरवर्षी. म्हणजे तुम्हाला अजून पंधरवडा आहे. डिस्टेंपर-पार्व्हो या विषाणूजन्य आजारांच्या लसीचे डोस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होतात, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने. ते झालेत का ते कार्डावर पाहा आणि मालिका पुरी होईपर्यंत रस्त्यावर फिरवू नका.
कार्डावर कुपीचं स्टिकर, बॅच क्रमांक, तारीख, डॉक्टरांची सही-शिक्का आणि नोंदणी क्रमांक, हे सगळं हवं. नुसतं "ARV" (रेबीजची लस) नको, आधी तसं लिहून दिलेली कार्डं परवान्याच्या वेळी परत येतात. लस २ ते ८ अंशात राहावी लागते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुकानातून कुपी घेऊन पिशवीत टाकून आणली तर टोचलेलं पाणीच समजा. बर्फाच्या थर्मासात आणा, नाहीतर डॉक्टरांकडचीच घ्या.
परवान्यासाठी हे कार्ड, कुत्र्याचा फोटो, तुमचं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि भाडेकरू असल्याने करारनामा असा संच तयार ठेवा. फी आणि अर्जाचा नमुना महापालिकेच्या झोन ऑफिसातच विचारा, एजंटाला पैसे देऊ नका. परवाना दरवर्षी नवा करायचा असतो, त्यामुळे लसीची तारीख आणि नूतनीकरण एकाच महिन्यात आणा.
उद्या कुत्रं कुणाला चावलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ लागू शकतं : हयगयीबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि तडक सिव्हिल गाठायचं. हळद-चुना काही लावायचं नाही.

नान्नज_माळरान
सगळे कुत्र्यावरच बोलताय, पण या घरात गुन्हा आहे तो पोपटाचा.
गळ्याभोवती गुलाबी-काळा पट्टा असलेला आपला हिरवा पोपट असो की खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पहाडी पोपट, दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची २ मध्ये आहेत. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्याआधीही ते संरक्षितच होते, फक्त अनुसूची वेगळी होती. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. विकत घेतला, भेट मिळाला, आजीच्या काळापासून आहे, यातलं कोणतंच कारण चालत नाही. याचा परवाना निघत नाही, मग नूतनीकरण कसलं. मुनिया आणि तारांकित कासवही असंच, कासव तर अनुसूची १ मध्ये, तिथे किमान तीन वर्षं.
आता घाबरून पिंजरा उघडून देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्या पोपटाचे पंख छाटलेले असतात किंवा उडायचे स्नायूच तयार झालेले नसतात, संध्याकाळपर्यंत मांजर नाहीतर घार. वन विभागाच्या १९२६ वर फोन करा आणि स्वतःहून सुपूर्द करायचा आहे असं सांगा. दिल्यावर तारीख-सहीची पोच घ्या. तोवर मिरची आणि बिस्किटं बंद, पेरू, भिजवलेले हरभरे, कोवळं कणीस द्या.

जुळेसोलापूरकर
बाप रे. पोपटाचं उद्याच बघतो. बहिणीकडे लव्हबर्ड आणि बजरिगर आहेत, ते पण गेले का?

नान्नज_माळरान
नाही. बजरिगर, कॉकॅटील आणि गुलाबी गालाचे लव्हबर्ड यांना नोंदणी लागत नाही. लव्हबर्डच्या इतर जाती मात्र आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्राण्यांच्या यादीत (CITES) आहेत, त्यांना लागते. आफ्रिकन ग्रे, मकाव, काकाकुवा असले पक्षी असतील तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत. बहिणीकडचे कोणत्या जातीचे आहेत ते फोटो टाकून विचारा. दुकानदाराची पक्की पावती हवीच.

सातरस्ता_वकिली
गोठ्याचं राहिलं. शहरात गुरं ठेवण्यासाठी १९७६ चा वेगळा राज्य कायदा आहे. पण गोठा हटवा म्हणून अर्ज केला तर फाईल वर्षभर फिरेल. "गटारीत शेण सोडतात" एवढीच तक्रार विभागाच्या आरोग्य निरीक्षकाकडे द्या, तारीख-वेळ दिसेल असे फोटो जोडून. आवक क्रमांक घेतल्याशिवाय कागद सोडू नका.