वय ६२, लेव्हल ४ : सिटी ऑफ हीरोजमध्ये रोलप्ले करताना लेव्हलचा अर्थ कसा लावावा?

खडकवासलेकर
नमस्कार. गेल्या दिवाळीपासून मी सिटी ऑफ हीरोज हा सुपरहीरोंचा जुना ऑनलाइन खेळ होमकमिंगच्या (म्हणजे चाहत्यांनी पुन्हा सुरू केलेल्या आवृत्तीच्या) एव्हरलास्टिंग सर्व्हरवर खेळतो आहे, कारण रोलप्ले करणारी, म्हणजे पात्राच्या भूमिकेत शिरून बोलणारी मंडळी मुख्यतः तिथेच जमतात. माझ्या पात्राचे नाव 'शिलेदार'. वय ६२, अंगावर दगडी कवच, खेळाच्या कथेतल्या रिक्टी या परग्रहवासीयांशी झालेल्या युद्धात लढून पुढे निवृत्त झालेला नायक. अडचण एवढीच की हा शिलेदार लेव्हल ४ वर आहे, आणि कमाल लेव्हल ५० असते.

परवा पॉकेट डी क्लबमध्ये मी तासभर त्याच्या युद्धकथा रंगवून सांगितल्या आणि एका एकोणीस वर्षांच्या नवख्या नायिकेने त्या मन लावून ऐकल्या. नंतर आम्ही अ‍ॅटलस पार्कात फेरफटका मारायला गेलो, तर पर्स हिसकावणाऱ्या तीन हेलियन्सनी मला आडवे केले. ती 'नवखी' लेव्हल ५० निघाली आणि तिने एका फटक्यात तिघांनाही लोळवले. त्यानंतर बराच वेळ आम्हा दोघांनाही काय टंकावे ते सुचेना. अशा वेळी लेव्हलकडे कसे पाहायचे? मला रविवारी सकाळचे तीनच तास मिळतात, त्यामुळे 'आधी ५० गाठा' हा सल्ला कृपया देऊ नये.

जुना_भिडू
आधी ५० गाठा. मी २००४ पासून हा खेळ खेळतो आहे. ३० नोव्हेंबर २०१२ रोजी मूळ सर्व्हर बंद झाले, तेव्हा माझी अकरा पात्रे ५० वर होती. तेव्हा ५० गाठायला महिने लागत, आता अनुभवगुण दुप्पट करून घेता येतात आणि आर्किटेक्टमधल्या (म्हणजे खेळाडूंनीच रचलेल्या) तयार मोहिमांत उभे राहिले तरी काम होते. एकदा ५० झाले की पात्राला हवे ते वय द्या, कोणी विचारत नाही.

निशाचर७७
भिडूसाहेब, खेळ आला तेव्हा कमाल लेव्हल ४० होती, ५० नंतर झाली. बाकी सल्ला योग्यच आहे.

जुना_भिडू
नंतर म्हणजे त्याच वर्षी, काही आठवड्यांत. मी तिथे होतो.

गवती_चहा
प्रश्नकर्त्यांनी जे देऊ नका म्हटले तेच दोघांनी दिले, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. या खेळाने लेव्हलला कथेच्या आतले एक नाव मुळातच दिलेले आहे, ते म्हणजे 'सिक्युरिटी लेव्हल'. ती अंगातल्या बळाची मोजणी नसून शहराने नायकावर टाकलेल्या विश्वासाची नोंद आहे, असे मानायला भरपूर वाव आहे. जुन्या काळी पुरेशी सिक्युरिटी लेव्हल नसेल तर धोक्याच्या विभागांत प्रवेशच मिळत नसे. म्हणजे तो एक परवाना झाला. ज्या माणसाने तीस वर्षे ट्रक हाकला, त्याचाही परवाना मुदत संपून पडला असेल, तर त्याला आरटीओच्या दारात पोरांबरोबर रांगेत उभे राहून पुन्हा चाचणी द्यावी लागते, म्हणून त्याला ट्रक चालवता येत नाही असे कोणी म्हणत नाही. आपला शिलेदार निवृत्तीतून परतला आहे आणि त्याचा परवाना चौथ्या टप्प्यावर आहे, एवढे त्याच्या माहितीच्या चौकटीत लिहावे.

खडकवासलेकर
गवती_चहा, परवान्याची कल्पना आवडली, परंतु परवाना कोरा असला तरी अनुभवी चालकाचा हात बसलेला असतो, आणि माझ्या शिलेदाराला तीन भुरटे चोर आवरत नाहीत. शिवाय लेव्हल वाढवायला त्याला सिटी हॉलसमोर मिझ लिबर्टी या नायिकेकडे प्रशिक्षणासाठी जावे लागते. नातीच्या वयाच्या मुलीने 'छान प्रगती आहे' म्हणावे, हे त्याला फार लागते.

ठाण्याचा_वाघ
मी डीसी युनिव्हर्स ऑनलाइन खेळतो आणि तिथे ही कटकटच नाही. भविष्यातून आलेला लेक्स ल्युथर एक्सोबाइट्स नावाचे सूक्ष्म यंत्रकण मोकळे सोडतो, त्यांतून हजारो सामान्य माणसांना शक्ती मिळतात, त्यामुळे सगळेच नवखे आणि लेव्हल १ वर असणे कथेला धरूनच. तिथे ३० नंतर लेव्हल थांबते आणि पुढे कॉम्बॅट रेटिंग, म्हणजे लढाऊ क्षमतेचा आकडा पाहतात. माझे चांगले आहे, आकडा सांगत नाही, नाहीतर बढाई वाटेल.

गवती_चहा
आपल्या उदाहरणावरून उलटेच सिद्ध होते. ज्या खेळात प्रत्येकाची शक्ती काल आलेली आहे, तिथे ६२ वर्षांचा निवृत्त नायक मुळात बसतच नाही.

शुद्धलेखक
मूळ विषयाला धरूनच एक विचारतो. आपण सर्व 'लेव्हल' का लिहिता? 'पातळी' हा शब्द आहे, 'श्रेणी' आहे.

निशाचर७७
पातळी धरणातल्या पाण्याची असते आणि श्रेणी सरकारी नोकराची. मात्र गवती_चहांचा अर्थ घेतला, तर श्रेणी चांगला शब्द आहे, हे मान्य करावे लागेल.

एडिसनच्या_काकू
मी न्यू जर्सीत राहते आणि मुलगा कॉलेजला गेल्यापासून त्याच्या जागी मीच खेळते. खडकवासलेकर, तुम्ही त्या मुलीच्या संघात होतात का? २००९ पासून या खेळात संघातल्या सगळ्यांची लढाऊ लेव्हल आपोआप म्होरक्याच्या जवळ आणली जाते. ती म्होरकी असती, तर अवघड मोहिमेत तुम्ही ४९ म्हणून लढला असता. शक्ती तुमच्याकडे असतील तेवढ्याच राहतात, म्हणजे चारदोन डाव आणि त्यांचा जोर मात्र मोठा. म्हाताऱ्या पैलवानाला याहून शोभणारे काय असेल? याउलट तुम्ही म्होरके व्हा आणि अ‍ॅटलस पार्कातली साधी मोहीम घ्या. मग ती तुमच्या लेव्हलला खाली येते आणि सुरुवातीच्या शक्ती सोडल्या तर तिच्या बाकीच्या शक्ती बंद पडतात, तेव्हा नवखी खरोखरच नवखी होते. रस्त्यावर हिंडण्याआधी संघ करायचा, एवढेच पथ्य. आम्ही शनिवारी संध्याकाळी खेळतो, तेव्हा तुमच्याकडे रविवारची सकाळच असते. जरूर या.

प्रोफेसर_मॉरिआर्टे
काकूंनी सांगितलेच आहे, तरी सांगतो : संघ करा. पण कथेच्या दृष्टीने लेव्हल हा निव्वळ हिशेब आहे. हेलियनच्या हातातले पिस्तूल लेव्हल २ चे असते, आणि पुढे इंडिपेंडन्स पोर्टात फॅमिली टोळीतला सुटाबुटातला साधा गुंड विशीतल्या लेव्हलचा असतो. दोघेही माणसेच आणि दोघांकडेही बंदूकच, मग एकाच्या गोळीने खरचटते आणि दुसऱ्याच्या गोळीने दगडी कवच फुटते, ते का? खेळणाऱ्याला पुढे काहीतरी अवघड लागावे, म्हणून. बुद्धिबळातला उंट तिरपा का चालतो, याची कथा कोणी रचत बसत नाही. तुमचा पराभवही असाच समजा. त्यातून निघायला खेळाने कथेतच सोय केली आहे : पडलेला नायक मेडिपोर्टरने थेट इस्पितळात पोहोचतो. तिथून उठून 'गुडघ्याने दगा दिला' म्हणायचे आणि पुढे जायचे.

मिरजेचा_तानपुरा
आधी ५० गाठावे असे मलाही वाटते. मी एका संघटनेत होतो, तिचे नाव घेत नाही. त्यांच्या नियमावलीत 'पात्राचा दावा आणि लेव्हल यांत तफावत नसावी' असे कलम होते. माझा हजार वर्षे वयाचा मांत्रिक लेव्हल ११ वर होता, म्हणून त्यांनी मला मतदान घेऊन काढले. पुढे मी त्याला ५० वर नेऊन परत अर्ज केला, तर ती संघटनाच मोडली होती.

कडू_कारले
सगळ्यांनी मिळून लोण्याचा डोंगर उभा केला आहे. परवाना, गुडघा, हिशेब. चार माणसांत युद्धकथा सांगायच्या आणि भुरट्या चोरांकडून मार खायचा, याला मराठीत थापा मारणे म्हणतात. आपला शिलेदार थापाड्या आहे, विषय संपला.

एडिसनच्या_काकू
कारलेभाऊ, त्यांनी इथे पहिल्यांदाच प्रश्न विचारला आहे, जरा गोड बोला.

शुद्धलेखक
'लोण्याचा डोंगर' असा वाक्प्रचार नाही.

खडकवासलेकर
सर्वांचे आभार. काकूंची संघाची युक्ती काल वापरून पाहिली, ती उत्तम चालते. गवती_चहा यांचा परवानाही मी पात्राच्या माहितीत लिहिला होता, पण आज सकाळी पुसला.

मी कडू_कारले यांचे म्हणणे शब्दशः घेतले आहे. शिलेदार रिक्टी युद्धात लढलाच नव्हता. त्या वर्षी तो इस्पितळात जखमी नायकांचे स्ट्रेचर ढकलत होता, आणि आज तो सांगतो त्या सगळ्या कथा त्याने तिथल्या खाटांवर पडलेल्यांच्या तोंडून ऐकल्या. दगडी कवच त्याला मागच्याच वर्षी लाभले. म्हणजे लेव्हल ४ हा आकडा खरा आणि शिलेदार खोटा. अनुभवगुण बंद करण्याची सोय वापरून मी त्याला सध्या चारवरच थांबवले आहे. ती नवखी नायिका त्याला रिक्टींविषयी बारीकसारीक प्रश्न विचारू लागली आहे आणि तिला संशय आला असावा.

गवती_चहा
म्हणजे लेव्हल शब्दशः घेऊ नका, हे आम्ही इतके समजावून सांगितल्यावर आपण ती शब्दशःच घेतली.

खडकवासलेकर
होय.

कडू_कारले
मी टोमणा मारला होता, सल्ला दिला नव्हता.

जुना_भिडू
अनुभवगुण बंद? म्हणजे आपण ५० कधीच गाठणार नाही?

मिरजेचा_तानपुरा
रविवारी किती वाजता असता? माझा मांत्रिक त्या इस्पितळात होता असे मी लिहू शकतो. त्याला स्ट्रेचर ढकलणारा आठवत असेल.