झाडावरचा साप दिवसभर हलतच नाही. शांत म्हणायचा की आळशी?

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. सापांतलं मला काडीचं कळत नाही, म्हणून विचारतोय. हसू नका.

माझा मावसभाऊ मेलबर्नला असतो. त्याच्याकडे लायसन्स काढून पाळलेला ग्रीन ट्री पायथन आहे. हिरवागार, पाठीवर पांढरे ठिपके. रविवारी सकाळी पोहे खाऊन झाले की आमचा व्हिडिओ कॉल असतो, आणि आमच्या चिरंजीवांना (आठवीत आहेत) काकाआधी साप बघायचा असतो. गेले चार महिने तो साप त्याच आडव्या काठीवर बसलाय. घोड्यावर खोगीर टाकावं तशी वेटोळी दोन्हीकडे आणि मधोमध डोकं. मी एकदा भावाला विचारलंसुद्धा, अरे खरा आहे ना?

परवा दिवाळीच्या सुट्टीत गिरणाऱ्याला सासऱ्यांच्या मळ्यावर गेलो, तर बांधावरच्या करवंदीच्या जाळीत हरणटोळ, तो वेलीसारखा हिरवा साप. तोही तसाच. सकाळी दिसला, जेवून आलो तरी तिथेच. सासरे म्हणाले, लांब राहा, टाळू फोडतो. मुलगा म्हणतो, बाबा किती शांत आहे, काचेच्या पेटीत ठेवू या. त्याच दुपारी आंब्यावर एक तपकिरी साप दिसला. तो असा सटकला की खिशातून मोबाईल निघेपर्यंत गायब.

तर एक दगडासारखा आणि एक विजेसारखा, असं का? आणि जो बसून राहतो तो हाताळायला सोपा असतो का?

निफाडचा गारठा

दादा, आधी पेटीचं डोक्यातून काढा. आपल्याकडचा कुठलाही साप धरून घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. हौस म्हणून नाही, मुलाला शिकवायला म्हणूनही नाही. परदेशी जातींचंही आता मोकळं रान नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या प्राण्यांची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, आणि तुमच्या भावाचा पायथन त्या यादीत आहे. बाकी स्वभावाचं जाणकार सांगतील.

जुनी पिशवी

बावीस वर्षं नाशकात साप सोडवतोय. पंचवटीतल्या कौलारू घरांपासून पाथर्डी फाट्यावरच्या सातव्या मजल्यापर्यंत. पायथन पाळलेला नाही, पण फांदीवरचे साप पुष्कळ पाहिलेत.

पहिली गोष्ट. तुम्ही फोन रविवारी सकाळी करता. आपले नऊ म्हणजे मेलबर्नला आत्ता दुपारचे अडीच. रात्रपाळीच्या माणसाच्या घरी भरदुपारी जायचं आणि हा सारखा झोपलेलाच असतो म्हणायचं, त्यातली गत. ग्रीन ट्री पायथन रात्रीचा शिकारी. अंधार पडला की वेटोळं सैल करतो, पुढचा भाग फांदीवरून खाली सोडतो आणि तसाच लोंबकळत उंदराची वाट बघतो. म्हणजे तेव्हाही फार हलत नाहीच, पण ते बसणं वेगळं. पिल्लांचं आणखी निराळं. ती पिवळी किंवा विटकरी असतात, दिवसाउजेडी छोटे सरडे मारतात. पावणेदोन-दोन फुटांची झाली की हिरवी होतात आणि रात्रपाळीला लागतात.

आता तुमचा हरणटोळ. तो दिवसपाळीचा. त्याच्या डोळ्याची बाहुली आडवी असते, नीट बघा, किल्लीच्या भोकासारखी. नाकासमोर दोन्ही डोळ्यांनी बघून अंतर मोजतो. वाऱ्याने जाळी हलली की तोही डुलतो, वारा थांबला की हाही थांबतो. माझ्या कुंपणावर एक तीन दिवस एकाच जागी होता. मला वाटलं आजारी आहे. तिसऱ्या दिवशी चारच्या सुमारास सरडा दीड वितीवर आला आणि पुढचं मला दिसलंच नाही, एकदम तोंडात सरडाच दिसला.

म्हणून ‘शांत’ हा शब्द मला पटत नाही. ते बसणं हेच त्याचं काम आहे. फांदीवरून उचला, मग स्वभाव कळेल. मान इंग्रजी एससारखी वळवतो, अंग फुगवतो, खवल्यांमधली काळी-पांढरी कातडी दिसायला लागते आणि तोंड वासून अंगावर येतो. निमविषारी आहे, माणसाला सहसा सूज आणि खाज यापलीकडे काही होत नाही, पण चावू देऊ नका. टाळू फोडण्याचं म्हणाल तर तो फांदीवर डोक्याच्या उंचीला असतो, आणि आपण करवंदं काढायला डोकं जाळीत घालतो. इतकंच. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा आणि वाद घालू नका, लांब राहा हा सल्ला बरोबरच आहे.

आंब्यावरचा तो बहुधा रुका. बिनविषारी, दिवसा फिरणारा. तो वाट बघत नाही, हिंडून शोधतो. बेडूक, पाली, सरडे, घरट्यातली अंडी. पाळतीवर बसणारा आणि हिंडून खाणारा, हा फरक कळला की निम्मं उत्तर मिळालं. दोघांची अंगकाठी सडसडीत, पण दिवसभराचा हिशोब उलटा.

आणि रागीट कोण विचाराल तर मांजऱ्या साप. दिवसभर ढोलीत नाहीतर कौलाखाली मुटकुळं करून झोपलेला. लोक विषारी फुरसं समजून काठी घेतात, पाठीवरची नक्षी थोडी तशी असते. एकदा पंचवटीत माळ्यावरून काढत होतो. झोपलेला म्हणून मीही जरा बेफिकीर. पिशवीत जाईपर्यंत त्याने तीन वेळा मनगट धरलं. घरमालकीणबाई म्हणाल्या, अहो तुम्ही तर म्हणालात झोपलाय!

त्र्यंबक, इगतपुरीकडे पावसात चापडा दिसेल. हिरवा, जाड, हालचाल अगदी मंद. तो मात्र विषारी, आणि तिथे ‘हा हलत नाही’ म्हणून जवळ जाणारेच चावून घेतात.

रात्रीची गाडी

वर पिशवीकाकांनी म्हटलंय त्याला माझी पुस्ती. जर्मनीत शिकत होतो तेव्हा रूममेटकडे ॲमेझॉन ट्री बोआ नावाचा साप होता. बोटाएवढा बारीक, सुंदर केशरी. दिवसा पानांआड गाठोडं. रात्री अकरानंतर काचेपाशी नुसती सावली हलली तरी झेप. ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात, त्यामुळे अंधारात ऊबदार हात म्हणजे त्याला उंदीरच. यांचे पुढचे दातही लांब असतात, रक्त बरंच येतं. रूममेट त्याला हात लावायचाच नाही. पेटी साफ करायची तर साप बसलेली काठीच अलगद उचलून दुसऱ्या डब्यात. तुमचा भाऊही तसंच करत असणार, विचारा. ग्रीन ट्री पायथनच्या पिल्लांना तर शक्यतो हातच लावत नाहीत, शेपटीचे मणके फार नाजूक.

मला विचाराल तर हे साप माशांच्या टाकीसारखे. बघायचे. गळ्यात घालून मिरवायला नव्हेत.

आणि नाशकात कोणी नोंदणी करून आणलाच, तर एप्रिलची कोरडी हवा आणि जानेवारीचा गारठा, दोन्ही त्याच्या मुळावर. त्याला पावसाळी जंगलाचा दमटपणा लागतो. वर लाईट गेली की रात्रभर कोण जागणार?

निफाडचा गारठा

जानेवारीत आमच्याकडे पारा पाचाखाली जातो. साप सोडा, माणूस हलत नाही.

गंगापूररोडकर

सगळ्यांचे आभार. पेटीचा विषय बंद. चिरंजीव अर्धा तास फुगून बसले, मग स्वतःच वही घेऊन मळ्यावर गेले. लांबूनच बघायचं अशी अट आहे, आजोबा सोबत.

भावाला कॉल आता संध्याकाळी साडेपाचला केला, तिकडे रात्रीचे अकरा. काठीवर वेटोळं नव्हतं. मुलगा ओरडला, पळाला! भावाने फोन खाली नेला तर हात-दीड हात साप फांदीखाली लोंबत होता, जिवणी अगदी कॅमेऱ्याकडे. भाऊ म्हणाला काच आहे मध्ये, तरी मी फोन मागे घेतला. आणि हो, तोही काठीच उचलतो. गेल्या वर्षभरात सापाला हात लावलेला नाही म्हणे.

वहीतलं इथे उतरवतो, शुद्धलेखन त्याचंच:

सोमवार. आहे. ९ वाजता आणि १ वाजता. डोकं उजवीकडे.
मंगळवार. आहे. डोकं उजवीकडेच. वारा आला तेव्हा हलला.
बुधवार. आहे. सरडा आला होता पण लांबून गेला. हरणटोळने फक्त जिभ काढली आणि तशीच ठेवली.
गुरुवार. नाही. आजोबा म्हणतात गेला. मला वाटतं आहे पण दीसत नाही.