जाहीर वादात उतरण्यात काही अर्थ आहे का?

प्रश्न:
गेल्या आठवड्यात लसीकरणावरील एका वादात मी रात्री दीड वाजेपर्यंत उत्तरे लिहीत बसलो होतो. समोरच्याने माझी आकडेवारी बाजूला ठेवली आणि एका शब्दातील ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीवरून माझी अक्कल काढली. अशा वादांत वेळ घालवण्यात काही हशील आहे का?

प्रतिसाद १:
न्यायदर्शनाने, म्हणजे तर्कशास्त्राचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनाने, चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार मानले आहेत: वादात सत्य शोधायचे असते, जल्पात जिंकायचे असते आणि वितंडेत स्वतःचे काहीही न मांडता समोरच्याचे म्हणणे केवळ खोडून काढायचे असते. शुद्धलेखनावर घसरलेला माणूस वितंडेत शिरला आहे हे ओळखून आपण तिथेच थांबायला हवे होते. (मलाही हे दर वेळी जमतेच असे नाही.)

प्रतिसाद २:
वेळीच थांबावे हे मान्य. पण मुळात उतरूच नये, हे मला पटत नाही. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये, मतपरिवर्तन हाच हेतू असलेल्या ऑनलाइन चर्चा तपासल्या, तेव्हा सुमारे पाच फेऱ्यांनंतर समोरच्याचे मत बदलण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही, असे दिसले. त्यामुळे मी दोनच उत्तरे लिहितो, आणि तीही प्रतिपक्षासाठी नव्हे, तर काहीही न बोलता वाचत राहणाऱ्यांसाठी.

प्रश्नकर्ता:
आताच माझी उत्तरे मोजली. ती १९ भरली.