मदत हवी आहे : रेआल युनियनची कोपा देल रेय (स्पेनचा राष्ट्रीय फुटबॉल चषक) विजेतेपदे तीन धरावीत की चार?
स्पेनच्या ला लीगा या अव्वल फुटबॉल साखळी स्पर्धेच्या पहिल्या हंगामातील दहा संघांपैकी एक असलेल्या, फ्रान्सच्या सीमेवरील इरुन या बास्क गावातील रेआल युनियन क्लबवर मी टिपण लिहीत आहे. १९१८, १९२४ आणि १९२७ ची कोपा देल रेय विजेतेपदे निर्विवाद आहेत. अडचण १९१३ ची आहे : त्या वर्षी दोन प्रतिस्पर्धी संघटनांनी स्वतंत्र स्पर्धा भरवल्या, त्यांपैकी एक बार्सिलोनाने व दुसरी रासिंग दे इरुनने जिंकली, आणि पुढे १९१५ मध्ये हाच रासिंग ‘इरुन स्पोर्टिंग’ या क्लबशी एकत्र येऊन रेआल युनियन स्थापन झाला. इंग्रजी याद्या ताडून पाहिल्या, परंतु त्यांत एकवाक्यता नाही. स्पॅनिश मजकूर शब्दकोशाच्या आधारे वाचता येतो, त्यामुळे जुनी वृत्तपत्रेही चालतील. चाहत्यांची मते मात्र नकोत. विलीनीकरणापूर्वीचे हे विजेतेपद रेआल युनियनच्या नावे धरण्याबाबत स्पॅनिश फुटबॉल महासंघाचा लेखी निर्णय आहे का, आणि असल्यास तो कोठे पाहता येईल?