चाकण-रांजणगावची इलेक्ट्रिक गाडी दुय्यम कशी काय?

टॉर्करेंच (मोशी)

परवा इथल्याच एका सदस्याने लिहिलं: "इलेक्ट्रिक घ्यायची तर परदेशात बांधून आलेलीच घ्या. चाकण-रांजणगावची गाडी म्हणजे पैसे भरून आपणच कंपनीला टेस्टिंग करून द्यायचं." खाली माना डोलावणाऱ्यांची रांग. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

रांजणगावच्या ज्या आवारात टाटांची नेक्सॉन ईव्ही बनते, तिथेच जीप कंपास बनते, आणि २०१७ पासून ती जपान, ऑस्ट्रेलिया, इंग्लंडला गेली आहे. तळेगावला जनरल मोटर्स होती तेव्हा तिथली शेव्हरोलेट बीट मेक्सिकोला जायची. चाकणची फोक्सवॅगन व्हेंटोही मेक्सिकोला गेली. तिकडच्या गिऱ्हाइकाला आपल्या हातांचं वावडं नव्हतं. इलेक्ट्रिकचंच म्हणाल तर मर्सिडीजने ईक्यूएस जर्मनीबाहेर पहिल्यांदा जोडायला घेतली ती २०२२ मध्ये, चाकणला. आयात केलेली ईक्यूएस २.४५ कोटींना होती, चाकणची १.५५ कोटींना आली. मारुतीची इलेक्ट्रिक ई-विटारा गुजरातेत हंसलपूरला बनते आणि तिथूनच युरोपला आणि जपानला जाते.

आता तुमची लाडकी, शांघायला बनणारी टेस्ला. जुलै २०२५ मध्ये टेस्ला मॉडेल वाय मुंबईत आली, ५९.८९ लाख एक्स-शोरूम. चीनमध्ये तेव्हा तीच गाडी २,६३,५०० युआनला होती, म्हणजे आपल्या साधारण ३१-३२ लाखांना. वरचा बहुतेक पैसा आयात शुल्काचा होता, कारागिरीचा नाही.

मी चाकणला बॅटरी पॅकच्या लाइनवर काम केलंय. झाकणाचा प्रत्येक बोल्ट गनने आवळतात, टॉर्कचा, म्हणजे आवळण्याच्या जोराचा, आकडा सिस्टिममध्ये नोंदला जातो, दिवा हिरवा झाल्याशिवाय पॅक पुढच्या स्टेशनला सरकतच नाही. मग बोल्टवर पेंटची खूण. मग पॅकमध्ये हवा भरून गळती तपासतात, दाब जरा उतरला की पॅक बाजूला. हे सगळं बघितलेल्या माणसाला "टेस्टिंग करून द्यायचं" हे वाक्य झोंबतं.

बाणेरकर

ती पोस्ट माझी आहे, तेव्हा उत्तरही मीच देतो. तुम्ही बोल्टवर लिहिलंत, मी बोल्टबद्दल बोललोच नव्हतो.

मी आपल्याच भागात बनलेली इलेक्ट्रिक घेतली होती. कंपनीचं नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक मंचात आहे. खंबाटकी चढताना समोरचा स्क्रीन काळा पडला. वेग दिसेना, चार्ज किती उरलाय दिसेना, एसी बंद. शेजारी आई बसलेली, तिला दम्याचा त्रास. वर कशीबशी बाजूला घेतली, लॉक करून पुन्हा उघडली तेव्हा चालू झाली. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी गाडी ठेवून घेतली आणि परत देताना एकच वाक्य: "सर, अपडेट टाकलंय." काय बिघडलं होतं, कोणी सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. अपडेट.

मॉडेल वाय २०२० पासून रस्त्यावर आहे. जगभरच्या लोकांनी तिच्या खोड्या काढून झाल्यात, त्या कंपनीने निस्तरल्यात. आपल्याकडे नवा प्लॅटफॉर्म, नवं सॉफ्टवेअर, आणि पहिल्या बॅचचं गिऱ्हाईक मी. पॅकच्या झाकणाचा टॉर्क मला काय कामाचा?

आणि मर्सिडीजचे आकडे नीट लिहा. २.४५ कोटींची ती एएमजी ५३ होती, १.५५ ची ५८०. दोन वेगळ्या गाड्या.

लिथियमवाला (पाषाण)

दोघंही मुद्द्याच्या कडेकडेने चाललाय. गाडीत सगळ्यात महाग काय? बॅटरी. तिच्यात महाग काय? सेल. महिंद्राच्या बीई ६ चा पॅक चाकणला जोडतात, पण सेल बीवायडीचे. नेक्सॉनचे सेल बाहेरचेच. ई-विटाराचेही. साणंदला टाटांचा सेलचा कारखाना उभा राहतोय, तो चालू झाला की बोलू. ४ एप्रिल २०२५ ला चीनने मोटरला लागणाऱ्या दुर्मिळ धातूंच्या चुंबकांवर निर्यात-बंधनं घातली, आणि काही महिन्यांत आपल्या बजाज चेतक इलेक्ट्रिक स्कूटरचं उत्पादन अडखळलं. जोडणी पुण्यात होती म्हणून काय उपयोग झाला?

कारखान्याने फरक पडतो, पण कुठे ते बघा. २०२० मध्ये टेस्लाने शांघायहून युरोपला मॉडेल ३ पाठवायला सुरुवात केली. त्यात एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) सेल होते आणि अमेरिकेतल्या त्याच मॉडेलमध्ये निकेलचे. नाव तेच, पण स्वभाव वेगळा. एलएफपी रोज शंभर टक्के भरली तरी कुरकुरत नाही, जास्त वर्षं टिकते, उन्हाळा सोसते. कडाक्याच्या थंडीत मात्र चार्जिंग रेंगाळतं. पुण्यात थंडीचा प्रश्न नाही, मेमधल्या डांबराचा आहे. गिऱ्हाइकाने आधी रसायन विचारावं, मग कारखान्याचा पत्ता.

टॉर्करेंच (मोशी)

मर्सिडीजचं बरोबर आहे, एएमजीची ताकद जास्त. तरी फरक नव्वद लाखांचा आहे, तो सगळा ताकदीचा नाही. सेलचंही खरं. पण सेल बाहेरचे म्हणून जोडणी शून्य? पॅक थंड कसा ठेवायचा, सेलमधला चार्ज समतोल कसा राखायचा, आपटल्यावर बॅटरी कशी वाचवायची, हे इथल्याच पोरांनी केलंय. भारत एनकॅपच्या अपघात-चाचणीत बीई ६ ला प्रौढांच्या सुरक्षेत ३२ पैकी ३१.९७ मिळालेत. ते काय सेलवाल्याने दिले?

कंत्राटी (भोसरी)

साहेब, "आपले हात" म्हणून एवढं लिहिलंत, त्या हातांचं नाव कधी विचारलंत का?

मी चाकणच्या एका प्लांटात होतो, नाव लिहीत नाही. आयटीआय झाल्यावर ट्रेनी, मग ठेकेदाराकडे. लाइनवर माझ्या शेजारी पर्मनंट माणूस. काम तेच, तीच गन, एका गाडीला मिळणारा वेळ, म्हणजे टॅक्ट टाइम, तोच. पगार त्याच्या निम्म्याहून कमी. सात महिने झाले की ब्रेक. हात बसतो न बसतो तोच बाहेर. माझ्या जागी नवा पोरगा, त्याला मागच्या दाराच्या बिजागरीवर उभं करायचे. दार बसवायला हाताचा अंदाज लागतो, तो दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये येत नाही. तुम्ही शोरूममध्ये ज्या फटीत बोट घालून नाक मुरडता ना, ती फट तिथे तयार होते. त्याला देशी-परदेशी काय करणार?

लघुउद्योजक (भोसरी)

हा विषय कुठून कुठे चाललाय. भाऊ, ऑर्डर एका महिन्यात दुप्पट, दुसऱ्या महिन्यात निम्मी. सगळे पर्मनंट केले तर मंदीत पगार कोण देणार? सगळ्यांनाच पगारपत्रक भरावं लागत नाही, म्हणून बोलणं सोपं जातं.

आणि माझं दुःखही ऐका. माझ्या शेडमध्ये सायलेन्सरचे ब्रॅकेट बनतात, वडिलांनी सुरू केलेला धंदा. गाडी चाकणला बनो नाहीतर शांघायला, इलेक्ट्रिक असेल तर माझं ब्रॅकेट लागत नाही. तुम्ही आपसात भांडा, माझी प्रेस दुपारनंतर बंद असते.

कंत्राटी (भोसरी)

तुमच्या प्रेसचं वाईट वाटतं, मनापासून. पण मंदी आली की आधी कोण जातं? तुम्ही नाही, मी. तळेगावचा जनरल मोटर्सचा प्लांट डिसेंबर २०२० मध्ये बंद पडला. पर्मनंट कामगार निदान कोर्टात तरी गेले. कंत्राटी पोरांची नावं कुठल्या याचिकेत होती, दाखवा.

लघुउद्योजक (भोसरी)

माझ्याकडे अकरा माणसं आहेत आणि लॉकडाऊनमध्ये एकालाही काढलं नाही, बायकोचे दागिने गहाण टाकून. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा "तुम्ही नाही, मी" वगैरे मला ऐकवू नका.

कंत्राटी (भोसरी)

तुम्ही वेगळे असाल. मी ठेकेदाराबद्दल बोलतोय. अंगावर घेऊ नका.

टॉर्करेंच (मोशी)

कंत्राटी, तुमच्या फटीच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण पॅकच्या लाइनवर मशीन माणसाला चुकू देत नाही, बॉडी फिटिंगला देते. पण हे ज्याने लिहिलंय तो इथला कामगार आहे, बाणेरला बसून नाक मुरडणारा नाही. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

बाणेरकर

बाणेरला बसून मी अठरा लाख भरलेत, साहेब. नाक मुरडायचा हक्क विकत घेतलाय.

सिंहगडरोड_ताई

रसायन झालं, कामगार झाला, आता वापरणारीचं ऐका. माझ्या दिराकडे बाहेरून बांधून आलेली इलेक्ट्रिक आहे. नवले पुलाखाली रिक्षाने मागून ठोकलं. बंपर आणि त्यातला सेन्सर मागवला, "जहाजाने येतोय" एवढंच उत्तर. गणपतीत ठोकलेली गाडी दिवाळी उलटली तरी वर्कशॉपमध्ये. विम्याने पैसे दिले, पण जावेने मुलांना शाळेत सोडायचं कशाने? माझ्या रांजणगावच्या गाडीचा बंपर गेला तेव्हा तो त्याच आठवड्यात मिळाला.

दुसरं, आमच्या सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर. मॉडेल वायचा ग्राउंड क्लिअरन्स सुमारे १६७ मिलिमीटर, बीई ६ चा २०७. इलेक्ट्रिकला बॅटरी पोटाशी असते, तिथे घासलं तर जीव वरखाली होतो. इथले रस्ते डोळ्यांसमोर ठेवून गाडी केली की असा फरक पडतो. स्क्रीन माझाही एकदा गेला होता, बाणेरकर, खोटं बोलणार नाही. पण घाटात नाही, मंडईजवळ, त्यामुळे तुमच्या आईची काय अवस्था झाली असेल ते कळतं.

लिथियमवाला (पाषाण)

ताई, क्लिअरन्सचं मान्य. बंपरचं मात्र कंपनीने इथे साठा किती ठेवलाय त्यावर आहे. आयात करूनही साठा ठेवता येतो.

सिंहगडरोड_ताई

येतो ना. ठेवत नाहीत. दीर अजून वाट बघतोय.

बाणेरकर

बंपरचं ऐकून जरा विचारात पडलोय, हे कबूल करतो. पण बाहेरून येणाऱ्या गाडीचं बुकिंग केलंय, ते रद्द करणार नाही. आईला घेऊन पुन्हा त्या घाटात जाण्याची हिंमत नाही, एवढं साधं कारण आहे.

टॉर्करेंच (मोशी)

करू नका रद्द. आईची काळजी घ्या. फक्त ते "टेस्टिंग करून द्यायचं" मागे घ्या.

बाणेरकर

लाइनवरच्या माणसांपुरतं घेतो. सॉफ्टवेअरवाल्यांपुरतं नाही. आणि मंचाचा निकाल लागेपर्यंत तर मुळीच नाही.