इतिहासाच्या तासाला किशोर-कादंबरी द्यावी का?

पानखूण (धागाकर्ती)
मी शाळेत ग्रंथपाल आहे. तेरा ते सोळा वयाच्या मुलांसाठी इतिहासाच्या प्रत्येक घटकाचा एक पुस्तकसंच काढून ठेवते. त्यात एक कादंबरी असते, कोणाच्या तरी आठवणी किंवा डायरी असते आणि त्या काळची अस्सल साधने असतात, म्हणजे पत्रे, फोटो, सरकारी हुकूम, वर्तमानपत्राची पाने. काही शिक्षकांचे म्हणणे आहे की यातून कादंबरी काढा, ती भाषेच्या तासाला वाचू द्या. मला हे अजिबात पटत नाही. नाझी जर्मनीच्या ताब्यातल्या १९४३च्या डेन्मार्कला पाठ्यपुस्तकात फार तर दोन ओळी मिळतात. पण लॉइस लॉरी यांची त्यावरची कादंबरी 'नंबर द स्टार्स' वाचली की मुले विचारू लागतात : सात हजारांहून जास्त ज्यू समुद्र ओलांडून स्वीडनला पोहोचले कसे? बोटी कोणाच्या होत्या? पैसे कोणी दिले? प्रश्न पडला की मग ती कागदपत्रांकडे आपणहून वळतात. म्हणून आधी कादंबरी, नंतर साधने. तुमचे मत सांगा.

सनावळी
मी इतिहास शिकवतो, आणि हा क्रमच मला घातक वाटतो. आधी मनावर जे ठसते ते नंतर पुसले जात नाही. 'द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज' (२००६) ही कादंबरी घ्या. नाझी छावणीप्रमुखाचा नऊ वर्षांचा मुलगा कुंपणापाशी बसून आतल्या ज्यू मुलाशी गप्पा मारत राहतो. नाझींच्या आउशवित्झ छावणीच्या कुंपणात वीज सोडलेली होती, वर पहारा होता, आणि तिथे आणलेल्या बहुतेक ज्यू मुलांना पोहोचताच विषारी वायूने मारले गेले. त्याहून वाईट म्हणजे त्या जर्मन मुलाला ज्यूंबद्दल काहीच ठाऊक नाही! शाळेपासून युवक संघटनेपर्यंत सगळीकडे तो द्वेष शिकवला जात होता. वाचक शेवटी रडतो तो छावणीप्रमुखाच्या कुटुंबासाठी. जानेवारी २०२० मध्ये आउशवित्झ स्मारक-संग्रहालयाने स्वतः सांगितले की हा इतिहास शिकणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी हे पुस्तक टाळावे. आणि माझ्याकडे मुले उत्तरपत्रिकेत ही गोष्ट पुरावा म्हणून लिहितात.

शाई
सनावळी, हा आक्षेप एका पुस्तकावर आहे, कादंबरी या प्रकारावर नाही. लॉरींनी पुस्तकाच्या शेवटी खरे काय आणि रचलेले काय ते वेगळे करून सांगितले आहे. त्यातला जर्मन शोधकुत्र्यांना चकवणारा रुमाल मुलांना हमखास बनावट वाटतो. पण कुत्र्यांचे नाक निकामी करायला सशाचे वाळलेले रक्त आणि कोकेन लावलेले रुमाल खरोखर वापरले गेले होते. एस्थर फोर्ब्स यांना तर १९४३ मध्ये अमेरिकन क्रांतीतल्या पॉल रिव्हिअरच्या चरित्रासाठी इतिहासाचे पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी त्यांची किशोरांसाठीची 'जॉनी ट्रेमेन' आली. अमेरिकन क्रांतीची ही कथा ऐन महायुद्धात लिहिली गेली. त्यामुळे ती १७७०च्या दशकाबद्दल जितके सांगते, तितकेच १९४३बद्दलही सांगते. कादंबरी स्वतःच तिच्या काळाचे साधन असते, हे वर्गात शिकवता येत नाही का?

सनावळी
येते, पण ते पदवीच्या वर्गात. चौदाव्या वर्षी दोन काळ एकदम वेगळे काढता येत नाहीत. खरी माणसे हवी असतील तर डायऱ्या द्या. त्यात कोणी काही रचत नाही.

पानखूण
इथेच माझा विरोध आहे. नाझींपासून लपून राहिलेल्या अ‍ॅन फ्रँक या ज्यू मुलीने मार्च १९४४ मध्ये रेडिओवर ऐकले की युद्धानंतर लोकांच्या डायऱ्या आणि पत्रे गोळा केली जाणार आहेत, आणि तिने आपली डायरी प्रकाशनासाठी नव्याने लिहायला घेतली. काही भाग गाळले, काही बदलले. पुढे वडिलांनी दोन्ही लेखनांतून निवड केली आणि १९४७ मध्ये पुस्तक छापून आले. ती खरीच आहे, पण तीही घडवलेली आहे. कोणी लिहिले, कधी, कोणासाठी, हे प्रश्न डायरीलाही विचारायला हवेत. कादंबरी तेवढी संशयित आणि डायरी निर्मळ, अशी वाटणी केली तर मुले निम्म्या साधनांवर डोळे मिटून विश्वास ठेवतील.

चौथी रांग
पालक म्हणून एक शंका. पुस्तक कोणत्या वयाला द्यायचे हे ठरवता कसे? पुस्तकाला दिलेला वाचनपातळीचा अंक बघून?

पानखूण
अंकावर बिलकूल जाऊ नका. एली विझेल यांच्या नाझी छावणीतल्या आठवणींच्या 'नाइट'चा लेक्साइल अंक ६००च्या आत आहे, कारण वाक्ये छोटी आणि शब्द सोपे आहेत. तो अंक मजकुराची काठिण्यपातळी मोजतो. मजकुरातले मरण मोजत नाही. असे पुस्तक मी आधी पूर्ण वाचते आणि शिक्षकांशी बोलूनच संचात ठेवते. पण काढून टाकणे हा उपाय नाही. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या मॅकमिन काउंटीच्या शाळा मंडळाने काही शिव्या आणि एका नग्न चित्रावरून 'माउस' आठवीच्या अभ्यासक्रमातून काढले. ज्यूंच्या वंशसंहारावरची, १९९२ मध्ये विशेष पुलित्झर मिळालेली ही चित्रकादंबरी. वंशसंहार शिकवायचा आणि त्यातले अस्वस्थ करणारे चित्र मात्र नको, हे कसे जमणार?

सनावळी
'माउस' काढण्याला माझाही विरोध आहे. बाप आठवणी सांगतो आणि मुलगा त्या तपासत, अडखळत काढतो हे त्यात दिसते, म्हणून ते माझ्या तासाला चालते. माझी अट एवढीच की कादंबरी द्यायची असेल तर शेवटचे लेखकाचे टिपण मुलांना आधी वाचायला लावा.

पानखूण
नाही. त्याने कथानक फुटते आणि पुस्तक दहाव्या पानावर मिटले जाते. टिपण शेवटीच वाचायचे, पण त्याच दिवशी, साधनांसोबत, आणि तो तास तुम्ही घ्यायचा.

सनावळी
तास घेईन. क्रम अजूनही मान्य नाही.